मेलेल्या माणसाचं लाल पाकीट

सिगारेट किती जळली होती, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, पेला डाव्या हातात होता की उजव्या, एवढं लिहून ठेवण्याचा मला बावीस वर्षं पगार मिळाला. सिनेमातला एक प्रसंग आज निम्मा घेतात, उरलेला आठवड्याने. मधल्या दिवसांत नटाची दाढी वाढते, टाय बदलतो, आणि दारातून आत येताना जो माणूस असतो तो खोलीत पोचेपर्यंत दुसराच होतो. तसं होऊ नये म्हणून कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून टिपणं काढणारी मी. आता मला नातीचा वाढदिवस आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. पण त्या स्टुलावरून पाहिलेलं सगळं जागच्या जागी आहे.

तोंग जिक-मानचा सिनेमा १९८२ सालचा. स्टुडिओ आमच्या शहराच्या कौलून भागात, डोंगराच्या पायथ्याशी. वर पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे उन्हाळ्यात आत माणसं वाफवून निघायची. जिक-मान तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, हडकुळा, पायात कायम तेच कापडी बूट. स्वतःच्या मनासारखा हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्याआधी त्याने दुसऱ्यांसाठी मारामाऱ्यांचे पाच-सहा काढले होते.

या सिनेमातला नायक होता साध्या वेशातला पोलीस, वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आलेला. त्याची तपासाची रीत अशी: संशयित माणूस खुर्चीवरून उठला की हा लगेच जाऊन त्या खुर्चीत बसायचा. खुर्ची अजून ऊबदार असायची. डोळे मिटायचा आणि तो माणूस जन्मभर काय लपवत आला ते सांगायचा. देवभोळा व्यापारी आतून निर्दय निघायचा, आणि गल्लीतला गुंड आईच्या आठवणीने झुरणारा. सिनेमाचं नावसुद्धा ‘ऊबदार खुर्ची’ होतं.

लिहिलेली पटकथा नव्हती. आमच्याकडे तेव्हा ती क्वचितच असायची. जिक-मान सकाळी चहा-पावाच्या हॉटेलात बसून कागदावर चार संवाद लिहायचा आणि तेच कागद घेऊन सेटवर यायचा. आवाज नंतर भरत असल्यामुळे कुणाचं अडत नसे. संवाद तयार नसले तर नट एकमेकांकडे रागाने बघत नुसतं “एक, दोन, तीन, चार” म्हणायचे. मी एका नवराबायकोचं कडाक्याचं भांडण एकोणचाळीसपर्यंत मोजलेलं ऐकलं आहे.

नायकाचं काम पुन नावाचा नट करत होता. माणूस चांगला, पण वेड दाखवायचं म्हटलं की डोळे वटारायचा. तिसऱ्या दिवशी जिक-मानने कॅमेरा थांबवला.

“पुनसाहेब, तो वेडा आहे हो, घुबड नाही.”

सगळे हसले. पुन चिडला. “तुम्हाला काय माहीत वेडे कसे बघतात ते?”

“माझा मोठा भाऊ तसा होता,” जिक-मान म्हणाला. “पोलिसात होता. सिनेमात मी लिहितोय ते त्याचंच आहे. तो तुमच्या-माझ्यासारखाच बघायचा, फक्त नजर लवकर काढून घ्यायचा नाही.”

हसणं थांबलं. आमच्या सामानाचे प्रमुख कांगकाका खुर्च्या हलवता हलवता थबकले.

“होता म्हणजे?”

“वारला. चार वर्षं झाली.”

कांगकाका पुटपुटल्यासारखे काही म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. त्या दिवसापासून पुनने डोळे वटारणं सोडलं. खरं सांगायचं तर त्यानंतरच तो सिनेमा सिनेमासारखा दिसू लागला.

ऑगस्टमध्ये नायकाच्या घरातला प्रसंग होता. नायकाला पोलिसातलं काम शिकवणारा त्याचा वरिष्ठ गोळी लागून मेलेला असतो, आणि हा रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे उदबत्त्या लावतो. कांगकाकांनी देव्हारा मांडला, संत्री ठेवली, उदबत्त्यांचं भांडं राखेने भरलं. चौकट रिकामी होती.

“फोटो कुणाचा लावायचा?” त्यांनी मोठ्याने विचारलं.

सगळ्यांना एकाच वेळी दुसरीकडे काम निघालं. जिवंत माणसाचा फोटो मेलेल्याचा म्हणून लावला, त्याच्यापुढे उदबत्ती पेटवली, की त्याचं आयुष्य ओढलं जातं असं आम्ही मानतो. म्हणून ज्याचा फोटो वापरला त्याला त्याच दिवशी लाल पाकीट द्यायचं, आत थोडे पैसे, बरोबर पपनसाची पानं. त्या पानांच्या पाण्याने तोंड धुतलं की अशुभ उतरतं. पडद्यावर मरणाऱ्या नटालाही असंच पाकीट मिळतं. हा नियम कंजूषातला कंजूष निर्मातासुद्धा मोडत नाही. पण पाकीट मिळणार असलं तरी आपण होऊन फोटो द्यायला कोण तयार होतंय?

“कांगकाका, तुमचाच लावा की,” दिवे लावणारा एकजण म्हणाला. “तुमचं काय राहिलंय आता?”

“माझा लावला तर तुझ्या पडद्याची काच फुटेल, लेका.”

“पडद्याला काच नसते, काका.”

“म्हणून तर वाचलास.”

जिक-मानने आपल्या पैशांच्या पाकिटातून एक फोटो काढला आणि पुढे केला. “हा घ्या. माझ्या भावाचा. तो गेलेलाच आहे, त्याला काय होणार.”

गणवेशातला फोटो होता. रुंद चेहरा, जाड भुवया, उजवा कान किंचित बाहेर. कांगकाकांनी दोन्ही हातांनी घेतला, मान लववली आणि चौकटीत बसवला. पुनने तीन उदबत्त्या लावल्या, प्रसंग दोन वेळा घेतला, दुसरा चांगला आला. जेवणाची सुट्टी झाली.

सगळे भात आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचे डबे घ्यायला गेले. मी मागे राहून देव्हाऱ्यावर कुठे काय आहे ते लिहून घेत होते, कारण उरलेला भाग दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. जिक-मान आला. त्याने मला पाहिलं नसावं. चौकटीतून फोटो काढला, खिशातून एक नवंकोरं लाल पाकीट काढलं, पपनसाची दोन पानं काढली, आणि फोटो, पाकीट, पानं असं सगळं रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलं.

माझा हात सवयीने चालत होता. मी लिहिलं: संत्री पाच, वरचं डावीकडे कललेलं. उदबत्त्या तीन, निम्म्या. फोटो काढला. लाल पाकीट, पानं.

लिहून झाल्यावर मी ते वाचलं, आणि पेन्सिल तशीच हातात राहिली.

कांगकाका हातात दोन डबे घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले. त्यांना वाचायला फारसं येत नव्हतं, पण सामानाचे शब्द ते ओळखत.

“लाल पाकीट? कुणाला?”

मी रिकाम्या चौकटीकडे बोट केलं.

काकांनी डबे स्टुलाशेजारी ठेवले. “मुई,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं हे काम करतोय. मेलेल्याला लाल पाकीट देणारा माणूस मी पाहिलेला नाही.”

“मीही नाही.”

“मग तो मेलेला नाही.”

“काका, हळू बोला.”

“हळूच बोलतोय. जेव. मांस गार झालं की चिवट होतं.”

मी ती ओळ खोडली. पण पेन्सिलीने खोडलेलं वाचता येतंच.

पुढचे आठ-दहा दिवस काकांनी जिक-मानचं जगणं मुश्कील केलं. उघड काही बोलायचे नाहीत. जिक-मान जवळून गेला की दिवेवाल्याला सांगायचे, “अरे, पाकीट म्हणजे काय, खिशात ठेवून उपयोग नसतो. ज्याचं त्याच्या हातात पडावं लागतं. नाहीतर देणाऱ्याचेच पाय सुजतात.” दिवेवाल्याला काही कळायचं नाही. तो स्वतःच्या पायांकडे बघायचा.

शेवटी एका संध्याकाळी सामान आवरत असताना जिक-मान माझ्या स्टुलापाशी आला.

“त्या दिवशीचं टिपण दाखव.”

मी दाखवलं. त्याने खोडलेली ओळ दिव्याजवळ धरून वाचली.

“कांगकाकांनी सांगितलं तुला काय लिहायचं ते?”

“नाही. मी दिसतं ते लिहिते, डायरेक्टर. तुम्हीच मला त्यासाठी ठेवलंय.”

तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. भावाचं नाव जिक-हाँग. तुन मुनकडे डोंगरात जे इस्पितळ आहे तिथे तो चार वर्षांपासून होता. आधी झोप गेली, मग पोलीस कँटीनमध्ये एकेकाच्या खुर्चीत जाऊन बसू लागला आणि त्यांच्या घरच्या गोष्टी मोठमोठ्याने बोलू लागला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांना कळलं असतं तर मोडलंच असतं. मग आईने एक दिवस इमारतीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं, जिक-हाँग गावी गेला होता, तिकडेच तापाने गेला. पुढे बहिणीचं लग्न झालं, तिला मूल झालं, आणि भाऊ मेलेलाच राहिला.

“तुम्ही त्यांना भेटायला जाता?”

“एकदाही नाही.” तो बुटाची नाडी सोडत होता, परत बांधत होता. “त्याच्या जिवावर सिनेमा काढतोय आणि चार वर्षांत गेलो नाही. आता हे पाकीट द्यायला जायला पाहिजे. न द्यावं तर…” त्याने वाक्य अर्धं सोडलं. माणूस परदेशी पुस्तकं वाचायचा, फ्रेंच सिनेमावर तासन्‌तास बोलायचा, पण उदबत्तीला भ्याला होता. “एकट्याने जायचं धाडस होत नाही. येशील?”

रविवारी आम्ही बस धरली. बस समुद्राच्या कडेकडेने सव्वा तास जाते. जिक-मान सगळा वेळ खिशावर हात ठेवून बसला होता.

जिक-हाँग इस्पितळाच्या मागे भाजीच्या वाफ्यात काम करत होता. आम्हाला पाहून त्याने झारी खाली ठेवली आणि हात विजारीला पुसले. फोटोतल्यापेक्षा दुप्पट जाड झाला होता, आणि हात जरा थरथरत होते. कान मात्र तोच.

“आलास?”

“आलो.”

“बारीक झालास.”

“तू जाड झालास.”

“गोळ्या. आणि आईचं सूप.”

“आईचं?”

“दर महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पंधराव्या तिथीला येते की. पाऊस असो, वादळाचा इशारा असो. तुला बोलली नाही?”

जिक-मानला हे ठाऊक नव्हतं. तो स्टुडिओजवळ भाड्याच्या खोलीत राहायचा, आईकडे सणासुदीला जायचा. त्याची समजूत होती की आईनेच भावाला पुरून टाकलं, आणि आपण एकटे त्याची आठवण ठेवून आहोत.

“पण तिने तर सगळ्यांना सांगितलंय की तू…”

“मेलो. ठाऊक आहे. तिनेच येऊन सांगितलं मला. दिवसभर रडली. मग म्हणाली, कुणासमोर येऊ नकोस, बायकोच्या हातचं खायचं तुझ्या नशिबात नाही, माझ्याच हातचं खा.” तो हसला. “या कोण?”

“सिनेमात टिपणं ठेवते. मुई.”

“बसा, मुईताई. तो बाक ओला आहे, हा घ्या.”

जिक-मानने रुमाल सोडला. फोटो, सुकलेली पानं आणि पाकीट मांडीवर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. जिक-हाँग लक्ष देऊन ऐकत होता. खरंच, तो नजर काढून घेत नव्हता.

“मला मारलंस कशाने?”

“गोळी. दरोडेखोराची.”

“बरं आहे. मला वाटलं न्हाणीघरात पाय घसरून वगैरे.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि तो खुर्चीतला? तोही मीच ना?”

“तूच.”

“शेवटी खुनी कोण निघतो?”

जिक-मान फोटो परत रुमालात गुंडाळू लागला. निर्मात्याला खुनी तो वेडा पोलीसच हवा होता, हे सेटवर सगळ्यांना माहीत होतं.

“मीच निघतो, होय ना?” जिक-हाँग म्हणाला. “निघू दे. वेडा खुनी निघाला की लोकांना हायसं वाटतं, घरी जाऊन गाढ झोपतात. त्याला माझी ना नाही. पण एक सांग. तुझा तो पोलीस खुर्चीत बसून किती वेळा बरोबर सांगतो?”

“प्रत्येक वेळी.”

“हं. माझं निम्म्याहून जास्त चुकायचं, जिक-मान. एका बाईला मी भर चहाच्या हॉटेलात चोर म्हटलं. पिशवी छातीशी धरून बसली होती ती. सुनेच्या बाळंतपणाला निघाली होती, पिशवीत अंडी होती. तिचं तोंड मला अजून दिसतं. खुर्ची गरम होती एवढंच खरं. पुढचं सगळं माझ्या डोक्यातलं.”

जिक-मानने हे पुढे सिनेमात घातलं. अंड्यांची पिशवी घेतलेली बाई. पाहिलेल्या लोकांना त्या सिनेमातलं तेवढंच आठवतं.

“घे हे, दादा,” तो पाकीट पुढे करत म्हणाला.

जिक-हाँगने हात पुढे केला नाही. “घेतलं की मी जिवंत, बरोबर?”

“हो.”

“कुणाकुणाला माहीत? आईला, तुला, या बाईंना. तेवढ्यावर मला अजून वीस वर्षं काढायची का? डॉक्टर म्हणतात, नीट वागतोस, सणाला एक दिवस सुट्टी देतो. चार वर्षांत मी सुट्टी मागितली नाही, कारण जायला घर नव्हतं. मेलेला माणूस जिना कसा चढणार? मला खुनी कर, वेडा कर, काय हवं ते कर. मेलेला नको. हिवाळी सणाच्या जेवणाला मला घरी ने, सगळ्यांच्या देखत.”

“आई ऐकणार नाही.”

“तिचं मी तिला विचारीन. तुझं तू सांग.”

जिक-मान वाफ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नेतो.”

तेव्हा कुठे त्याने पाकीट घेतलं, दोन्ही हातांनी, रीतसर. खिशात घातलं आणि माझ्याकडे वळला. “मुईताई, तुम्ही दिसेल ते लिहिता ना? मग तुम्हीही या. याचा शब्द फिरला तर लिहिलेलं असू दे कुणाकडे तरी.”

दुसऱ्याच आठवड्यात जिक-मानने देव्हाऱ्याचा प्रसंग पुन्हा घेतला. निर्माता ओरडला, फिल्म काय झाडाला लागते का म्हणून. या वेळी चौकटीत कांगकाकांचा फोटो होता. त्यांनी आपण होऊन दिला, आणि पाकीट उघडून आतली नोट बघत म्हणाले, “माझ्या आयुष्याची किंमत एवढीच?” पडद्याला काही झालं नाही.

त्या वर्षी हिवाळी सण डिसेंबरच्या बाविसाव्याला आला. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आमच्याकडे म्हणतात, हा सण नव्या वर्षाहून मोठा. दुकानं दुपारीच बंद होतात आणि ज्याला घर आहे तो घरी जेवतो. मी साडेचारला शाम शुई पोमधल्या त्यांच्या आईच्या इमारतीखाली पोचले. दोघे भाऊ आधीच येऊन उभे होते. जिक-हाँगने जिक-मानचं जाकीट घातलं होतं, बटणं लागत नव्हती.

“आईला सांगितलंय,” जिक-मान म्हणाला. “ये म्हणाली. पण एक अट घातलीय.”

“कसली?”

“यिपकाकू.”

चौथ्या मजल्यावरचं ते पूर्वी एकच घर होतं, नंतर त्याचे भाग पडले. पुढच्या खोलीत यिपकाकू राहायच्या, विधवा, मुलगा कॅनडात. स्वयंपाकघर दोघींचं एकच. दर वर्षी हे जेवण त्या तोंगांकडेच जेवत, आणि त्या जेवतात तिथलं बोलणं दुसऱ्या दिवशी इमारतभर होई. त्यांना नको येऊ म्हणावं तर तीच मोठी बातमी झाली असती. म्हणून त्यांना काही कळू द्यायचं नाही, ही अट.

आईने दार उघडलं. बुटकी, केस घट्ट मागे बांधलेली बाई. मोठ्या मुलाला बघून तिचे ओठ हलले, पण आवाज चढवून ती बोलली ते आतल्या माणसासाठी. “या, या. यिपताई, हे बघ, जिक-मानच्या सिनेमातले पाहुणे आलेत. या टिपणं ठेवतात. आणि हे नट. आमच्या हाँगचं काम करतात.”

यिपकाकू स्टुलावर बसून भिजवलेल्या अळिंबीचे देठ कापत होत्या. त्यांनी कात्री थांबवली आणि जिक-हाँगला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

“कानसुद्धा तसाच शोधून काढला,” त्या म्हणाल्या. “सिनेमावाल्यांची कमाल आहे.”

जिक-हाँगने भावाकडे पाहिलं. जिक-मान स्वतःच्या दुसऱ्या जाकिटाची चेन वर-खाली करत उभा.

मग जिक-हाँग पाहुणा झाला. जिथे तो लहानाचा मोठा झाला त्या खोलीच्या दारात त्याने विचारलं, “बूट कुठे ठेवू?” आईने दाखवलं. “हात कुठे धुवायचे?” आईने दाखवलं, आणि तिच्या हातातला डाव सिंकमध्ये पडला. भिंतीवरच्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोपुढे तो थांबला, म्हणाला, “मुलगी गोड आहे. कोण?” एवढं सांभाळून केलेलं काम मी पुनचंही पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

सहाच्या सुमारास घडीचं टेबल उघडलं. कोंबडी, आलं-कांद्याच्या पातीची चटणी, अख्खा मासा, अळिंबी, आणि एका बाजूला गोड पाकातले तांदळाच्या पिठाचे गोळे. आईने भात वाढला. आम्ही बसलो, आणि कुणीच जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत.

आमच्यात धाकट्याने आधी खायचं नसतं. आधी एकेका मोठ्या माणसाला नात्याने हाक मारून जेवायला सांगायचं, वयाप्रमाणे, कुणाला गाळायचं नाही. घरातलं लहान पोरसुद्धा हे करतं. त्या टेबलावर घरातला सगळ्यात धाकटा जिक-मान होता.

“आई, जेव,” तो म्हणाला.

“हं.”

“यिपकाकू, जेवा.”

“जेवते, बाळा.”

पुढची पाळी कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. परक्याला साहेब म्हटलं की काम भागत होतं. नुसता एक शब्द, मग कोंबडी, मग मासा, आठची बस. आई स्वतःच्या भाताकडे बघत होती. जिक-हाँग कुणाकडेच बघत नव्हता. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते, थरथर दिसू नये म्हणून असावं. बाहेर कुणाच्या तरी घरात रेडिओवर बाई गात होती, तिचं एक कडवं पूर्ण झालं.

“दादा,” जिक-मान म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. “दादा, जेव.”

आईचे डोळे मिटले.

“खा,” जिक-हाँग म्हणाला. वयाने मोठा असेल त्याने हेच उत्तर द्यायचं असतं.

“चला, सुटलो एकदाचे,” यिपकाकू म्हणाल्या आणि काड्यांनी कोंबडीची तंगडी उचलून जिक-हाँगच्या वाडग्यात टाकली. “मला वाटलं मला आज उपाशी ठेवता की काय. जाड झालास रे, हाँग. पण रंग बरा आहे.”

आईने डोळे उघडले. “तुला… तुला ओळख पटली?”

“आज पटली? अगं, चार वर्षं तू दर पहिल्या-पंधराव्या तिथीला पहाटे माझ्याच शेगडीशेजारी कमळकाकडीचं सूप उकळतेस, थर्मासात भरतेस आणि तुन मुनची बस धरतेस. बसने सूप कुणाला नेतात? मेलेल्याला? मेलेल्याला संत्री नेतात, ती इथे खाली मिळतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी काय बोलू? मुलगा तुझा. तू म्हणालीस मेला. त्याला जिवंत करणारी मी कोण?” त्यांनी माशाचा तुकडा तोंडात घातला आणि काटा काढता काढता म्हणाल्या, “आणि इमारतीतही कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली. फार जड गेलं. आणि ही? ही तरी खरंच टिपणंवाली आहे ना, की हीही कुणी निघते?”

“खरंच टिपणंवाली,” मी म्हटलं.

“मग लिही, मासा खारट झालाय.”

जिक-हाँग आधी हसला, मग त्याला रडू आलं, मग तो जेवला. तीन वाडगे भात खाल्ला. आई स्वतः काही न खाता त्याला वाढत राहिली. बहिणीच्या सासरचं काय करायचं हा प्रश्न तिने दोनदा काढला. जिक-मान म्हणाला, मी बघतो. पुढे ते सोपं गेलं नाही. बहीण वर्षभर माहेरी आली नाही. पण ते नंतरचं.

सव्वासातला निघायचं होतं, इस्पितळात वेळेवर पोचायला हवं. “मी खालपर्यंत येते,” आई म्हणाली आणि तिने चप्पल घातली. सण असल्यामुळे प्रत्येक मजल्यावर लाकडी दारं उघडी होती, नुसत्या लोखंडी जाळ्या ओढलेल्या, आत जेवणं चाललेली. आई पहिल्याच जाळीपाशी थांबली. आतल्या म्हाताऱ्याने वाडग्यातून मान वर केली.

“जेवलात का?” आईने विचारलं. तिने मुलाची बाही घट्ट धरली होती. “हा माझा मोठा. जिक-हाँग.”

म्हातारा कधी तिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिला. “पण तुम्ही तर म्हणाला होतात…”

“म्हणाले होते. खोटं बोलले. हाँग, काकांना हाक मार.”

“काका, जेवा.”

मग तिसऱ्या मजल्यावर दोन्ही दारांपाशी, मग दुसऱ्या. एका बाईने घाईने आतलं दारच लोटून घेतलं. दुसरीने गोड गोळ्यांचा वाडगा आणून त्याच्या हातात दिला आणि तो उभ्याउभ्या खावा लागला. आई प्रत्येक ठिकाणी तेच म्हणत होती, पहिल्यांदा पुटपुटत, शेवटी शेवटी जरा दमदाटीच्या सुरात. चार मजले उतरायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि त्यांची आठची बस निघून गेली.